शनिवारची सोबत

तरंगमबाडी
शुक्रवार, १२ फेब्रुवारी १९८८

पोचलो एकदाचे. कुंभकोणमहून मायवरम आणि तिथून दुसरी बस. पूर्वी मायवरमहून आगगाडी थेट समुद्रापर्यंत यायची, ती बंद झाली म्हणून हे वाटभर हळहळत होते. मी म्हटलं, गाडी बंद झाली तरी समुद्र चालू आहे ना, मग झालं.

इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही दोघं मिळून बाहेर पडलो ते कुणाच्या लग्नाला, कुणाच्या मयतीला, नाहीतर नवस फेडायला. काही काम नसताना नुसतं हवा खायला जाणं ही चैन पहिल्यांदाच, आणि तीही डॉक्टरांच्या कृपेनं. दिवाळीच्या तोंडावर यांच्या छातीत कळ आली. तंजावरच्या इस्पितळात महिना काढला. सोडताना मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, यांना आठ-नऊ दिवस समुद्राची हवा द्या, जिने नकोत, मीठ बेतानं, आणि राग अजिबात नको. रागाचं पथ्य मला सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी. हा माणूस आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवून एका पोरावर कधी ओरडला नाही.

त्या महिन्यात मी देवाकडे एकच मागितलं, की या माणसाला माझ्या आधी नेऊ नको. देवानं ऐकलं. आता दिलेलं सांभाळणं माझ्याकडे आहे आणि मी ते सांभाळणार.

यांची एक खोड मात्र काही केल्या जात नाही. निरोप घेण्याची. निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण हे न्हाव्याला ‘येतो हं’ म्हणतात, बसच्या कंडक्टरला म्हणतात, टपालपेटीत पत्र टाकून निघतानासुद्धा ओठ हलतात. इस्पितळातून निघताना सगळ्या वॉर्डाला हात जोडून ‘येतो हं’ म्हणाले तेव्हा नर्सनं कपाळाला हात लावला. इस्पितळ आणि मयताचं घर, या दोन ठिकाणी तेवढं म्हणायचं नसतं. मी दंडाला चिमटा काढला, पण तोवर बोलून झालं होतं.

घर छान आहे. यांचा एक जुना विद्यार्थी सिंगापूरला असतो, त्याचं. वेशीच्या आत, समुद्राच्या अंगाला, गोऱ्यांच्या वेळच्या जाड भिंती आणि मधे उघडा चौक. वर चढायला जिना नाही, हे मी पत्रातच विचारून घेतलं होतं. किल्ली अरुळप्पनकडे होती. तो चर्चमध्ये घंटा वाजवतो आणि हे घर राखतो, आणि बोलण्याआधी इतका खाकरतो की बोलणं तोवर विसरत असावा. मी कॉफीचं पितळी फिल्टर आणि घरची पूड बरोबर आणली आहे. परमुलखात माझा कॉफीच्या बाबतीत कुणावर विश्वास नाही.

दारापुढे ओटा आहे. शेजारच्या घराचा ओटा त्यालाच लागून, मधे फक्त एक लाकडी कठडा. तिथं एक म्हातारी बसली होती, सौंदरम पाट्टी, सगळ्या गल्लीची आजी. तोंडात एकही दात नाही, मांडीशी लोखंडी खलबत्ता, त्यात विडा कुटत होती. टकटक, टकटक, आणि मग बत्ता कडेला घासल्याचा खर्र आवाज. आम्ही ट्रंका आत नेईपर्यंत तिनं यांचं गाव, गोत्र, दुखणं सगळं काढून घेतलं. यांनाही ऐकणारं कुणी मिळालं की जेवण लागत नाही. तिनं सांगितलं की ती जन्मात एकटी कुठं गेली नाही. माहेरून सासरी आली ती आत्याबरोबर, देवळात जायची ती जावेबरोबर, आणि आता न्हाणीपर्यंत जायचं तरी सुनेला हाक मारते. सून आतून म्हणाली, हाक कसली, आरोळी असते.

संध्याकाळी हे उठले तेव्हा तिनं विचारलं की उद्या येशील ना गप्पा मारायला. हे म्हणाले, “येतो हं, पाट्टी.”

“ये. वाट बघते,” ती म्हणाली.

जेवणाला बिनमिठाचं रसम केलं. यांनी तक्रार केली नाही. लाटांचा आवाज घरात सगळीकडे येतो, आणि मला कितीतरी दिवसांनी खूप भूक लागली.


शनिवार, १३ फेब्रुवारी

सकाळी किनाऱ्यावर फिरलो. समुद्रानं अर्धं खाल्लेलं शिवाचं देऊळ आहे, तिथं नमस्कार केला. यांनी वाळूवर बसून तिथल्या गोऱ्यांच्या किल्ल्याचं चित्र काढलं आणि चित्रात मला छत्री घेऊन उभं केलं. माझ्याकडे छत्री नव्हती. म्हणाले, चित्रात असू दे, ऊन लागायचं नाही.

दुपारी शेजारी एकदम रडण्याचा आवाज उठला. सौंदरम पाट्टी गेली. विडा कुटता कुटता बत्ता हातात धरूनच मान टाकली. कालच इतकं बोललेली बाई. आम्ही लगेच गेलो. तिला दक्षिणेकडे डोकं करून निजवलं होतं, उशाशी दिवा, बायका गळ्यात गळे घालून रडत होत्या. मी थोडा वेळ बसले. निघताना यांचा दंड घट्ट धरला आणि दारापर्यंत चिमटा सोडला नाही. यांनी तोंड उघडलं नाही. परसात आंघोळ करूनच आम्ही घरात पाऊल टाकलं.

आज शनिवार. आमच्याकडे शनिवारी गेलेल्याला सोबत देतात, नाहीतर तो आपली आपण शोधतो असं मानतात. मांस खाणाऱ्यांच्या घरी तिरडीला कोंबडीचं पिल्लू बांधतात, आमच्यासारखे नारळ बांधतात. पाट्टीच्या तिरडीच्या कोपऱ्याला काथ्यानं एक पिवळं पिल्लू बांधलेलं मी ओट्यावरून पाहिलं. तिचा मुलगा वैद्यलिंगम, पन्नाशीचा माणूस, ती गाठ पुन्हापुन्हा ओढून बघत होता.

दिवस मावळायच्या आत नेलं. हे कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो म्हणाले. शेजारधर्म आहे, मी अडवलं नाही. परत आले तेव्हा काखेत टॉवेलाची गुंडाळी होती आणि ती चिवचिवत होती.

मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. यांचं म्हणणं एवढंच की पिल्लू वाटभर ओरडत होतं, वळणावर ढोल वाजायला लागला, सगळ्यांची तोंडं पुढं होती, गाठ यांच्या हाताशीच आली आणि बोटांनी ती आपोआप सोडली. शाळेत पोरांनी सरड्याला दोरा बांधला तरी हे जाऊन सोडवायचे. मी म्हटलं आत्ताच्या आत्ता जा आणि परत बांधून या. हे म्हणाले, आता ती पोचलीसुद्धा असेल. मग पुन्हा आंघोळीला गेले. पायाला काथ्याचा तुकडा तसाच असलेलं पिल्लू चौकात टोपलीखाली झाकलंय. मी तो तुकडा काढून चुलीत टाकला.

नसती भीती बाळगू नये. पिल्लू ते पिल्लू.


रविवार, १४ फेब्रुवारी

अरुळप्पनच्या घंटेनं जाग आली. हे छान झोपले होते. इडली आणि पोडीची कोरडी चटणी खाल्ली, बाहेर बसून सगळ्या गल्लीचं चित्र काढलं. शेजारचे पुरुष सकाळी राख सावडून समुद्रात सोडून आले. त्यांच्या दारात रांगोळी नाही, ओटा धुतलेला आणि रिकामा.

यांनी पिल्लाला तांदळाची कणी घातली. ते खात नाही. शेजारच्या भिंतीकडे तोंड करून बसून राहतं. हे म्हणाले, घाबरलंय बिचारं.

दुपारी जरा आडवी झाले होते. भिंतीपलीकडून टकटक ऐकू आली, आणि मग खर्र. मला आधी काही वाटलं नाही, सून कुटत असेल म्हटलं. मग आठवलं की सुनेचे दात चांगले बत्तीसच्या बत्तीस आहेत.

पिल्लू उठून यांच्या खाटेखाली गेलं.


सोमवार, १५ फेब्रुवारी

आज कॉफी घेऊन शेजारी जायचं निमित्त केलं. सुतकाच्या घरी चूल पेटली तरी कुणाचं लक्ष नसतं. बोलता बोलता विचारलं, पाट्टीचा खलबत्ता आता कोण वापरतं. वैद्यलिंगमनं सांगितलं की तो काल राखेबरोबर समुद्रात सोडला. तिची वस्तू तिच्याबरोबर.

म्हणजे काल दुपारी मी ऐकलं त्याच्या आधीच.

वैद्यलिंगम मग आपणच बोलायला लागला. स्मशानात तिरडी उतरवली तेव्हा काथ्या होता, पिल्लू नव्हतं. दुसरं आणायला माणूस धाडला, तोवर चिता पेटली होती. तीन रात्री झोप नाही म्हणाला, मग स्वतःच हसला, कारण आई जाऊन दोनच झाल्या होत्या. मी तिथंच सांगायला हवं होतं. एवढ्यात भिंतीपलीकडून आमच्या चौकातलं पिल्लू चिवचिवलं.

त्यानं भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावला नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

“आमची आई एकटी जायची नाही, अम्मा,” तो म्हणाला. “मास्तरांना जपा.”

यांना यातलं काही सांगितलं नाही. डॉक्टरांनी मनाला त्रास देऊ नका म्हटलंय. संध्याकाळी किनाऱ्यावर न्यायचं टाळलं. हे कुरकुरले नाहीत, पण ओट्यावर बसताना कठड्याच्या बाजूला सरकून बसले.


मंगळवार, १६ फेब्रुवारी

शेजारचे गेले. सोळाव्या दिवसाच्या आत मयताचं घर सोडून कुणी जात नाही, पण हे बिऱ्हाड सकाळीच कारैकालला मुलीकडे निघून गेलं. दाराला हे मोठं कुलूप. सुनेनं माझ्याकडे बघितलंही नाही.

दुपारी मी ताक घुसळत होते. ओट्यावर यांच्या बोलण्याचा आवाज येत होता. वाटलं अरुळप्पन आला. हे हसत होते, मधे थांबत होते, हं हं करत होते, जसं समोरचा बोलत असताना करतात. मी बाहेर गेले. हे कठड्यावर कोपर टेकून बसले होते. पलीकडच्या ओट्यावर कुणी नव्हतं. कुणाशी बोलत होता विचारलं तर म्हणाले, कुणाशी नाही, असंच. यांना खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. कान लाल झाले नव्हते.

पाय पुसायला खाली वाकले तर यांच्या उजव्या घोट्याला काथ्या. एक वेढा आणि गाठ. खाटेच्या दोरीचा असेल म्हणाले. खाट सुंभाची नाही, पट्ट्यांची आहे. मी कात्रीनं कापला आणि चुलीत टाकला. आधीचाही मीच टाकला होता चुलीत.

उद्या कुंभकोणमला परत. हवा पुष्कळ खाल्ली.


बुधवार, १७ फेब्रुवारी

निघता आलं नाही.

बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि यांनी छातीवर हात धरला. चेहरा राखेसारखा. लोकांनी उचलून तिथल्या डॉक्टरकडे नेलं. सुई दिली. डॉक्टर तरुण आहे पण माणूस भला. म्हणाला, बस, टॅक्सी काही नाही, निदान रविवारपर्यंत अंथरुणातून हलवायचं नाही, हलवलंत तर जबाबदारी तुमची. पुन्हा याच घरात आणलं.

त्रिचीला इळंगोला तार केली. आमचा मुलगा तार मिळताच निघणारा आहे, पण साहेब रजा देईल तेव्हा. उत्तर आलं: शनिवारी संध्याकाळी मोटार घेऊन येतो.

शनिवारी.

डॉक्टर निघाला तेव्हा हे गप्प होते. त्याच्याकडे बघून नुसती मान हलवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दारातून कुणी गेलं आणि हे काही बोलले नाहीत.

पुन्हा काथ्या. कापला.


गुरुवार, १८ फेब्रुवारी

तिचं तिला देऊन टाकायचं ठरवलं. बायकांनी स्मशानात जायचं नसतं. नसेना. अरुळप्पनला यांच्याजवळ बसवलं आणि पिल्लू पदराखाली घेऊन गेले. भर दुपार, चिटपाखरू नाही. जिथं तिला ठेवलं होतं ती जागा अजून काळी होती. यांच्या पायातून कापलेल्या काथ्याचा तुकडा बरोबर नेला होता, त्यानंच पिल्लू दगडाला बांधलं. गाठ दातांनी ओढली. म्हटलं, पाट्टी, घ्या तुमची सोबत, माझं माणूस सोडा. पिल्लू ओरडलं नाही. माझ्याकडे बघत राहिलं. मी रडत परत आले. यांनी जे सोडवलं ते मी बांधलं.

घरी आले तर अरुळप्पन दारात उभा. खाकरला नाही. नुसतं आत बोट दाखवलं.

चौकात पिल्लू दाणे टिपत होतं. पहिल्यांदाच, अधाशासारखं.

काथ्या यांच्या घोट्याला. ओला, वाळू लागलेला. माझ्या दातांच्या खुणा होत्या गाठीवर.

अरुळप्पननं शपथ घेतली, तो खाटेपासून उठला नाही, आणि कुणी आलं नाही. फक्त शेजारी कुणीतरी सुपारी कुटत होतं म्हणाला. त्याला माहीत आहे तिकडे कुलूप आहे. उद्यापासून येणार नाही असंही म्हणाला.


शुक्रवार, १९ फेब्रुवारी

दिवसभर यांचा पाय मांडीवर धरून बसले. घोट्याभोवती दोन्ही हात. हात काढला की —

हे शांत आहेत. दुखत नाही म्हणतात. पिल्लाला हाताशी घेऊन कुरवाळतात. ते लठ्ठ झालंय. मला ते डोळ्यांसमोर नको वाटतं आणि हे त्याला राजा म्हणतात.

दुपारी आवाज भिंतीपलीकडून नव्हता. अलीकडून होता. ओट्यावरून, आमच्या.

दार उघडलं नाही. दाराला तोंड लावून बोलले. म्हटलं, मला न्या. मला घेऊन चला, मी चांगली चालते, मला दम लागत नाही, वाटेत कॉफी करून घालीन. टकटक थांबली.

मग पुन्हा सुरू. मी तिला नको आहे. तिला गप्पा मारणारा हवा. मी काय, मी नुसती ओरडते.

उद्याची संध्याकाळ. इळंगो येईल. एवढा एक दिवस, देवा. मी मागितलं होतं आणि तू —


शनिवार, २० फेब्रुवारी, सकाळ

यांना बरं वाटतंय. खरंच बरं. गालावर रंग आला. उठून बसले, दाढी करायची म्हणाले, कॉफी मागितली, कडक, साखर घालून. घोट्याला काही नाही. मी दोनदा बघितलं, बोटं फिरवून बघितलं. काही नाही.

सोडलं वाटतं तिनं. पुढच्या शनिवारी मी तिच्या नावानं —

कॉफी उतरलीय. आधी यांना देते.


दुपार

लिहिते. हाताला काहीतरी हवं.

मी आत कॉफी ओतत होते. हे टॉवेल खांद्यावर टाकून उंबऱ्याशी आले. मला वाटलं ओट्यावर बसायला. म्हणाले, “जातो, मंगै.”

असं म्हणाले. जातो.

आणि मी मान वर न करता सवयीनं म्हटलं, या. कॉफीला फेस आणत होते. मग हात थांबला. पेला तसाच टाकून धावले.

खांबाला टेकून बसले होते. तोंड कठड्याकडे. काहीतरी ऐकताना करतात तसा चेहरा, हसायच्या बेतात. शेजारी विड्याची थुंकी. ओली.

पायाला काथ्या नव्हता. आता कशाला असेल.


संध्याकाळ

इळंगो अजून वाटेत. वैद्यलिंगम आला, त्याला कुणी सांगितलं देव जाणे. यांच्या पायांशी बसून पोरासारखा रडला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, आज शनिवार आहे, अम्मा, हे पिल्लू आहेच घरात, या वेळी नीट बांधू. तुम्हाला नारळ हवा असेल तर नारळ.

मी नको म्हटलं.

त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा नको म्हटलं. जे पिल्लू यांनी सोडवलं ते मी एकदा बांधलं तेवढं पुरे झालं. आणि नारळाशी काय गप्पा मारायच्या माणसानं? पिल्लू मी अरुळप्पनच्या बायकोला देऊन टाकलं.

तो उठला. मग म्हणाला, माझ्या आईची सोबत झाली, आता मास्तरांची कोण? एवढं बोलून लाकडं बघायला गेला.

घरात मी आणि हे. उशाशी दिवा. टकटक नाही. आठवडाभरानं एवढी शांतता.

मला राग येतोय. माझ्या आधी नेऊ नको म्हटलं होतं. एवढंच म्हटलं होतं.


दिव्याची वात सारायला उठले तर पाय ओढल्यासारखा झाला. उजवा. साडीची निरी वर केली —

मी बांधलेला नाही. शपथ. एक वेढा आणि गाठ.

कात्री घेतली. मला भीती वाटते. काल दाराला तोंड लावून म्हटलं होतं मला न्या, आणि आज भीती वाटते. इळंगो येईल. त्याला काय सापडेल. रस्त्यावर मोटारीचा आवाज आला का — नाही, लाट.

कापते. आत्ता —


ओट्यावर कुणीतरी आहे. दोघं आहेत. बोलतायत. एक हसलं.

मागे वळून बघणार नाही. खाटेवर हे आहेत, मला माहीत आहे, आहेत. मग बाहेर —

आवाज यांचाच. इतक्या वर्षांत मला कुणाचा आवाज ओळखू येईल तर हाच. नेहमी मी उशीर करते, कुलूप, दूध, गॅस, आणि हे दारात चपला घालून उभे. तसंच विचारलं, अजिबात न रागावता.

“येतेस ना, मंगै?”

कात्री खाली ठेवली.

आले हो. एवढी ओळ पुरी क